शेळीबाईचा आवाज

माझ्या आईचा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. तुम्ही चाळिशी ओलांडली असेल आणि लहानपणी तुमच्या घरात टीव्ही असेल, तर नक्कीच ऐकलेला आहे. फक्त तो माझ्या आईचा, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

जनावरांच्या पोस्ट ऑफिसचं ते कार्टून आठवतंय? रविवारी सकाळी लागायचं. अस्वल पोस्टमास्तर, तिकिटं चाटून चाटून जिभेला डिंक चिकटलेला कोल्हा, आणि खिडकीवर बसणारी कारकून शेळीबाई. शेळीबाई पत्रं भलत्याच खणात टाकायची, अस्वल टेबलावर पंजा आपटायचं, आणि शेळीबाई आधी आत एक बारीकसा श्वास ओढून म्हणायची, "अहो, चुकलं माझं! चुकलं हो! परत नाही व्हायचं!" झालं, लोक हसून हसून आडवे. आमच्या वर्गातली पोरं एकमेकांवर पट्टी उगारून तेच म्हणायची. एकदा फळ्यावर गणित चुकलं तेव्हा आमच्या बाईही म्हणाल्या होत्या, आणि सगळा वर्ग हसला होता. मीही हसले होते.

कार्टूनच्या शेवटी नावं यायची. शेळीबाईसमोर माझ्या वडिलांचं नाव असायचं. अस्वलासमोरही त्यांचंच आणि कोल्ह्यासमोरही त्यांचंच. कार्टून परदेशी, आपल्या भाषेतला आवाज इथे भरायचा, आणि ज्या कंपनीने ते काम घेतलं होतं ती इतकी चिकट की तीन जनावरांना मिळून एकच माणूस. बाबा काचेच्या खोलीत उभे राहून अस्वलाच्या आवाजात ओरडायचे आणि पुढच्या तुकड्याला शेळीच्या आवाजात गयावया करायचे. घरी ते एकच बाजू करायचे. दुसरी आई करायची.

हे मी आता सरळ लिहून टाकते, कारण पन्नास वर्षं आमच्या घरात ते कुणी सरळ बोललेलं नाही. माझे वडील माझ्या आईला मारायचे. रोज नाही. रोज मारणाऱ्याची निदान सवय होते असं म्हणतात, मला माहीत नाही. हे कधी आणि कशावरून मारतील याचा नेम नसायचा. बाहेर मात्र माणूस लाखात एक. लग्नकार्यात चार माणसं भोवती जमलेली, पोरं खांद्यावर चढलेली, आणि "शेळीबाई करा ना, शेळीबाई करा ना" असा गलका. ते करायचे. आई कोपऱ्यात बसून पायाच्या अंगठ्याकडे बघत राहायची.

शेळीबाईचा तो आवाज जन्माला आला तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि तिथेच होते. मूळ कार्टूनमध्ये ती शेळी जवळजवळ मुकीच. खोकायची, मान हलवायची, नुसतेच ओठ हलवून काहीतरी पुटपुटायची. बाबांना तिच्या तोंडी काहीतरी घालायचं होतं आणि सापडत नव्हतं. तीन दिवस कपाटाच्या आरशासमोर उभे राहून ते बें बें करत होते. तिसऱ्या दिवशी आईने चहा आणला आणि कप नेमका त्यांच्या कागदांवर ठेवला. उचलला तर कागदावर गोल डाग. बाबांचा हात वर गेला. आईने आत श्वास ओढला आणि म्हणाली, "अहो, चुकलं माझं. चुकलं हो. परत नाही व्हायचं."

हात वरच राहिला. बाबांनी मान तिरकी केली. म्हणाले, "परत म्हण."

आईला वाटलं, माफी कमी पडली. तिने परत म्हटलं.

"असं नाही. आधी तो श्वास घेतलास ना, तसाच घे. मग अहो. परत."

पाच वेळा म्हणून घेतलं. मधे एकदा आईचा आवाज कोरडा पडला तर तिला पाणी प्यायला लावलं. मग त्यांनी पेन घेतलं, त्या डागाच्या शेजारीच काहीतरी लिहिलं, आरशाकडे वळले आणि एका दमात तिच्यासारखं म्हणून दाखवलं. हुबेहूब. इतकं हुबेहूब की मला हसू फुटलं. त्या दिवशी मार पडला नाही, याचा आम्हा दोघींना केवढा आनंद झाला होता! आईने रात्री माझ्या केसांना तेल लावताना गाणंसुद्धा गुणगुणलं.

कार्टून चार वर्षं चाललं. ते लागलं की आई न्हाणीघरात नळ सोडून कपडे धुवायला बसायची. पण दुकानात नळ सोडता येत नाही. एकदा किराणावाल्याकडे ती डाळ सांगायची ती साखर म्हणाली आणि सवयीने तोंडातून गेलं, "अहो, चुकलं माझं." दुकानदार पोट धरून हसला. "वहिनी, तुम्ही तर अगदी शेळीबाई! साहेबांकडून उचललंत वाटतं?" दुकानातले सगळे हसले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, त्यातलाच प्रकार. त्या दिवसापासून आई दुकानात चिठ्ठी नेऊ लागली. मग हळूहळू बोटाने दाखवायला लागली. मग पाहुण्यांसमोर मान हलवायची, तेवढंच. लोक म्हणायचे, बाई किती शांत आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, हे मला शाळेत शिकवावं लागलं नाही.

मी लग्न केलं नाही. कारणं विचारू नका, वर लिहिली आहेत. वीज कंपनीच्या तक्रार कक्षात मी फोन घेते. दिवसातले आठ तास लोक माझ्यावर ओरडतात आणि मी म्हणते, गैरसोयीबद्दल क्षमस्व, अर्ध्या तासात वीज येईल. कधी येणार ते मला ठाऊक नसतं. पण अर्धा तास म्हटलं की माणूस फोन ठेवतो.

सहा वर्षांपूर्वी बाबा न्हाणीघरात पडले. मेंदूतली रक्ताची गुठळी. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. नुसतं "ब, ब" एवढं येतं. डावा हात चालतो, डोकं चालतं, समजतं सगळं. डॉक्टर म्हणाले, बोलणं परत येणं कठीण. आईने मान हलवली. मला घरी आल्यावर झोप लागली, इतकी गाढ झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. पाप म्हणा हवं तर.

दोनेक महिन्यांनी एका सकाळी मी स्वयंपाकघरात होते आणि गॅलरीतून कुणीतरी खच्चून ओरडलं, "ए! उचल ती गाडी दारातून! तुझ्या बापाचा रस्ता आहे का?" जाड, खरखरीत, पोटातून आलेला आवाज. मला वाटलं वरच्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या. जाऊन बघते तर आई कठड्याला धरून उभी, आणि खाली एक माणूस मुकाट्याने स्कूटर हलवतोय. आईने स्वतःच्या गळ्याला हात लावून बघितला. माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, हा माझा आहे?"

तो तिचा होता. बाविसाव्या वर्षी लग्न झालं तेव्हा जो आत गेला, तो पासष्टाव्या वर्षी बाहेर आला. मग काय विचारता! औषधवाल्याशी भांडण, मावशीशी तासभर फोन, जिन्यात कचरा टाकणाऱ्यांचा उद्धार. रोज सकाळी ती बाबांच्या खुर्चीसमोर बसून त्यांना पेपर वाचून दाखवायची. दरोडे, अपघात, भाववाढ, सगळं त्या जाड आवाजात. बाबांना ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी कामावर निघताना दारात पायताण घालत रेंगाळायची, त्या आवाजासाठी. माझी आई मला त्या पाच वर्षांत मिळाली.

मागच्या वर्षी ते चॅनल आलं.

जुन्या विनोदी कार्टून मालिकांसाठी एक अख्खं वेगळं चॅनल. चोवीस तास दुसरं काही नाही. जाहिरात लागली तेव्हा बाबा जेवत होते. पडद्यावर अस्वलाचा पंजा आपटला आणि शेळीबाईचा चेहरा आला, तशी त्यांच्या तोंडातली पेज हनुवटीवरून ओघळली. "ब, ब, ब." डाव्या हाताने टीव्हीकडे दाखवत होते. मुका माणूस स्वतःचा आवाज ऐकत होता. कुणालाही कीव आली असती. मलाही क्षणभर आली, नाही म्हणत नाही.

पोस्ट ऑफिस दिवसातून तीनदा लागायचं. रिमोट बाबांच्या डाव्या मांडीवर. आवाज वाढवायचं बटण त्यांना बरोबर सापडायचं. अर्धं तोंड हसायचं आणि अर्धं तसंच राहायचं. आणि स्वयंपाकघरात आई भांडं हातात धरून उभी. पहिल्या आठवड्यात पेपर वाचणं थांबलं. दुसऱ्या आठवड्यात मावशीचा फोन आला तर आईने मला खूण केली, तू घे. तिसऱ्या आठवड्यात औषधवाल्याकडे चिठ्ठी गेली. मी ती चिठ्ठी बघितली आणि माझं डोकं फिरलं.

"मी केबल कापून टाकते," मी म्हटलं.

"असू दे," आई कुजबुजली. "त्यांना दुसरं काय आहे?"

"आणि तुला काय आहे?"

तिने मान हलवली. त्या मान हलवण्याचा मला किती राग येतो ते मी इथे लिहून उपयोग नाही.

पुढच्या महिन्यात चॅनलचा माणूस घरी आला. तिशीतला, हातात फुलांचा गुच्छ, आणि प्रत्येक वाक्याला "भारी". मी मनातल्या मनात त्याचं नाव उत्साहराव ठेवलं. उत्साहराव बाबांच्या पाया पडला, फोटो काढला, आणि मग कामाचं बोलला. पोस्ट ऑफिसच्या अकरा भागांची चित्रं शाबूत आहेत, पण आपल्या भाषेतल्या आवाजाच्या टेपांना ओल लागून बुरशी आली. आवाज गेला. नव्याने आवाज भरायला अस्वल मिळालं, कोल्हा मिळाला, शेळीबाई मिळत नाही. चाळीस जणांचे आवाज घेऊन बघितले, एकालाही जमत नाही. साहेबांची तब्येत कळली होती, तरी वाटलं भेटून घ्यावं.

आई पाण्याचा ट्रे घेऊन आली. बाबांचा डावा हात उडाला. मुद्दाम की आपोआप, ते मी आजही सांगू शकत नाही. पेला उलटला, पाणी उत्साहरावाच्या कागदांवर. आणि आईने आत श्वास ओढला. "अहो, चुकलं माझं! चुकलं हो! परत नाही व्हायचं!"

उत्साहराव ताडकन उभा राहिला. "आजी! परत म्हणा ना! परत एकदा म्हणा!"

"तुम्ही निघा आता," मी म्हटलं.

त्याला ऐकूच आलं नाही. "साहेब, तुम्ही आजींनाही शिकवलंत? काय भारी!"

बाबांनी डाव्या हाताचा अंगठा वर केला. हो, मी शिकवलं. वाचा गेली तरी माणसाची खोड जात नाही.

आई दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी डबा भरत होते, तेव्हा दाराला टेकून म्हणाली, "त्या मुलाला फोन कर. मी करते म्हणावं."

मी डबा ओट्यावर आपटला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"ऐक तरी. तुझे बाबा तिथे समोर पाहिजेत, एवढं सांग. दुसरं काही नको मला."

"कशाला समोर?"

ती थांबून थांबून बोलली. "मला त्यांना एक सांगायचंय. घरी नाही सांगता येत. पेपर वाचला मी इतकी वर्षं, पण ते दुसऱ्यांचे शब्द. माझं काही बोलायला त्यांच्यासमोर उभी राहिले की आधी श्वासच आत जातो, आणि मग तेच येतं तोंडात. त्या स्टुडिओत लाल दिवा लागतो म्हणे. लागला की कुणी मधे बोलायचं नाही, हालचाल करायची नाही. त्यांनीच सांगितलं होतं एकदा. शेवटच्या दिवशी, दिवा लागलेला असताना, मी म्हणणार आहे."

"काय?"

"की माझं काही चुकलं नव्हतं."

चार शब्दांसाठी ही बाई अकरा भाग शेळी व्हायला तयार होती. उत्साहरावाला फोन केला, अट सांगितली. तो गहिवरला. "काय प्रेम असायचं हो जुन्या लोकांचं!" मी फोन ठेवला. मी रजा टाकली चार दिवस.

स्टुडिओ म्हणजे एका इमारतीच्या तळघरातली खोली. भिंतींना राखाडी कापडाच्या गाद्या, समोर पडदा, मधे माइक, कागद ठेवायला एक स्टँड. पान उलटताना आवाज होऊ नये म्हणून पानं सुटी. आईला घड्याळ काढायला लावलं, त्याची टिकटिक पकडली जाते म्हणे. माइकपासून चार पावलांवर बाबांची चाकाची खुर्ची, आईकडे तोंड करून. काचेच्या अलीकडे मी, उत्साहराव आणि रेकॉर्डिंग करणारे काका. हे काका बाबांच्या वेळचे, निवृत्तीला आलेले. काचेच्या पलीकडे काही सांगायचं तर त्यांच्यासमोरचं बटण दाबून बोलायचं, मग ते आतल्या डब्यातून मोठ्याने ऐकू येतं.

कानाला हेडफोन लावून आई माइकसमोर उभी राहिली. लाल दिवा लागला. पडद्यावर शेळीबाईने पार्सल पाडलं. आईने समोर बाबांकडे बघितलं आणि श्वास आत गेला.

पहिल्याच फटक्यात जमलं. दुसरं वाक्यही, तिसरंही. उत्साहराव तोंडावर हात धरून हसत होता, डोळ्यांत पाणी आलेलं. "तालमीची गरजच नाही!" म्हणाला. खरंच नव्हती. तीन दिवसांत दहा भाग झाले. तीन दिवस मी काचेतून माझ्या आईला माफी मागताना बघत होते. पार्सल पडलं, चुकलं. शिक्का उलटा बसला, चुकलं. अस्वलाला शिंक आली, चुकलं. आणि समोर बाबांचं अर्धं तोंड हसतंय.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी काका माझ्या शेजारी येऊन बसले. कप फिरवत राहिले. "तुझे बाबा तेव्हा म्हणायचे," ते म्हणाले, "माझ्याकडे घरी नमुना आहे. आम्ही हसायचो. वाटायचं गंमत करतात."

"आणि आता काय वाटतं?"

त्यांनी मान खाली घातली. मी त्यांना सोडलं नाही, बघत राहिले त्यांच्याकडे. मग माझ्या लक्षात आलं की मीसुद्धा हसले होते, आठ वर्षांची असताना, आरशासमोर. मी उठून गेले.

चौथा दिवस. अकरावा भाग. सकाळी आईने केस नीट विंचरले, निळी साडी नेसली. टॅक्सीत माझा हात धरून बसली होती. दुपारपर्यंत भाग संपत आला, एकच वाक्य राहिलं. मधे जेवणाची सुट्टी झाली. मी बाबांना भरवलं, तोंड पुसलं, आणि दोन वाजले तशी पिशवीतून डबी काढून त्यांची दुपारची गोळी दिली. सहा वर्षं दोनची गोळी ठरलेली, मी घरी असले की मीच देते. त्या गोळीने त्यांना गुंगी येते, घरी ते तीन ते पाच झोपतात; आधीचे तीन दिवस काम दोनच्या आत आटोपून आम्ही घरी पोचायचो. हे सगळं मला माहीत होतं. हात आपोआप चालले.

तीनला आम्ही परत बसलो. शेवटचं दृश्य. अस्वल पोस्टमास्तर निवृत्त होतंय, निरोपाचं भाषण करतंय, आणि शेळीबाई त्याच्या हारावर शाई सांडते. लाल दिवा लागला.

आईने चष्मा काढून स्टँडवर ठेवला. डोळे मिटले. श्वास आत घेतला नाही, बाहेर सोडला. मला काचेच्या पलीकडून तिचे खांदे खाली आलेले दिसले. मग माझ्या कानातल्या हेडफोनमध्ये तो आवाज आला, गॅलरीतला, स्कूटरवाल्यावर ओरडलेला. पण ओरडून नाही. हळू.

"अहो. माझं काही चुकलं नव्हतं. चहाचा डाग पडला तेव्हाही नाही आणि आधीही नाही. एकदाही नाही. तुम्ही मारत होतात म्हणून मी म्हणत होते."

पडद्यावर शेळीबाईचे ओठ केव्हाच मिटले होते. मी बाबांकडे बघितलं.

त्यांची मान छातीवर पडली होती. तोंड उघडं. छाती सावकाश वर जात होती, खाली येत होती. ते झोपले होते.

काकांनीही बघितलं. आमची नजरानजर झाली. उत्साहराव पडद्याकडेच बघत होता, सगळं लक्ष शेळीच्या ओठांवर. तो पुढे वाकला, बटण दाबलं, आणि आतल्या डब्यातून त्याचा आवाज गरजला, "आजी, भारी! पण ओठ नाही जुळले! परत एकदा!"

त्या आवाजाने बाबा दचकून जागे झाले. मान वर आली, डोळे टक्क उघडले. त्याच क्षणी आईने डोळे उघडले. समोर बाबा, तिच्याकडे एकटक बघताहेत. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. आईने मान हलवली. ती नेहमीची नाही. हिशेब मिटल्यावर माणूस हलवतो तशी, एकदाच.

मग तिने चष्मा लावला, श्वास आत ओढला, आणि म्हणाली, "अहो, चुकलं माझं! चुकलं हो! परत नाही व्हायचं!" ओठ बरोबर जुळले. उत्साहरावाने टाळ्या वाजवल्या.

घरी जाताना बाबा टॅक्सीत पुढे बसले, पट्टा लावलेला, डोकं खिडकीला टेकलेलं. पुन्हा झोप लागलेली. आम्ही दोघी मागे. शेवटी मी विचारलं, "परत का म्हटलंस ते? निघून यायचं होतंस ना."

"अगं, त्या शेळीला तेच म्हणावं लागणार. तिचे ओठच तसे काढलेत, ती बिचारी काय करेल?" आई त्याच जाड आवाजात बोलत होती, टॅक्सीवाल्याने आरशातून बघितलं. "माझं म्हणून झालं होतं. बघितलंस ना, कसे बघत राहिले माझ्याकडे? डोळे किती मोठे झाले होते?"

"बघितलं."

"ऐकलं ना गं त्यांनी?"

आठ तास फोनवर बसणाऱ्या माणसाला उत्तर शोधावं लागत नाही. "हो," मी म्हटलं. "शब्द न् शब्द."

तिने डोकं मागे टेकलं आणि घर येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिली, हसत. माझी आई अशी हसते हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून काकांना फोन केला. तो तुकडा हवा होता मला, तिच्या आवाजातला. जे तुकडे वाया जातात ते त्याच संध्याकाळी पुसायचे असा नियम आहे, म्हणाले. त्यांनी पुसला नव्हता, उत्साहरावाने जागा मोकळी करताना पुसला. "मला उशीर झाला गं," म्हणाले.

आता घरी पेपर वाचला जातो. मावशीचा फोन तासभर चालतो. औषधवाला मला म्हणतो, तुमच्या आईंना आवरा. अकरा भाग चॅनलवर लागून गेले, लोकांनी फार कौतुक केलं, शेवटी नाव पुन्हा बाबांचंच होतं, "यांच्या शैलीत" असं लिहून. आईने ते वाचलं आणि म्हणाली, "असू दे. ज्याला कळायचं त्याला कळलंय." कधी पोस्ट ऑफिस बघताना बाबा आवाज वाढवतात, तेव्हा ती स्वयंपाकघरातूनच म्हणते, "कमी करा तो. आणि सांगितलंय ते विसरू नका." बाबा तिच्याकडे बघतात. काय सांगितलंय ते त्यांना माहीत नाही.

ती दुपारची गोळी मी दिली होती. आईला हे सांगायला हवं, असं मला दर दोनचार दिवसांनी वाटतं. बाबा अजून आहेत, कान शाबूत आहेत, तिला पुन्हा सांगता येईल, यावेळी जागेपणी. पण सांगितलं तर ती पुन्हा चिठ्ठी लिहायला लागेल, हेही मला दिसतं. कालही मी स्वयंपाकघरात गेले होते. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती, मावशीला फोनवर काहीतरी सांगून खदखदा हसत होती. मी दाराशी थांबले. सांगायला म्हणून तोंड उघडलं, आणि आधी आत एक बारीकसा श्वास गेला.